उलट लाट

उइके काकूंनी शेवटी गॅलरीतून विचारलंच, "काहून गं उन्नती, घरात पिठाची चक्की टाकली का तुम्ही?"

"नाही काकू, लॅपटॉप आहे."

"बाप्पा! एवढा आवाज तर आमचा कूलर नाही करत!"

आणि चंद्रपुरात, मे महिन्यात, कूलरपेक्षा जास्त आवाज करणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती! उन्नतीने लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवला, खाली दोन पेनं आडवी सरकवून हवेला वाट करून दिली, उघडी पानं सगळी बंद केली. पंखा घोंघावतच राहिला. तळाला हात लावला, तर त्यावर पोळी शेकता आली असती.

खरं तर तिला काळजी वाटायला हवी होती. पण कानामागे पट्टी होती ना, मग कसली काळजी?

जानेवारीत प्राचीताई स्कूटीवरून कॉलेजला गेली आणि परत आली नाही. त्यानंतर डॉक्टरांनी उन्नतीला आणि बाबांना नाण्याएवढी एकेक शामक पट्टी दिली. डोक्यात दुःखाची लाट उठली की पट्टी ती वाचते, लॅपटॉप बरोबर तिच्या उलट लाट तयार करतो आणि दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. कुणाच्या मनातलं घराबाहेरच्या यंत्रावर जाऊ द्यायचं नाही असा कायदा होता, म्हणून हे सगळं गणित घरच्याच लॅपटॉपने करायचं; पट्टी शाळेत असो की बाजारात, उलट लाट तिथवर पोचायची. ताकीद एकच होती. पट्टी एकदम बंद पडू द्यायची नाही, पायरीपायरीने कमी करायची. नाहीतर अडवलेलं सगळं एका दमात अंगावर येतं.

"बाबा, मी याला उघडून साफ करते."

बाबा ओट्यापाशी कांदा चिरत होते. हल्ली ते रोज कांदा चिरायचे आणि कशातही घालायचे. "वॉरंटी जाईल नं."

"ती कधीच गेली."

"आणि तोवर पट्टी?"

"तिच्यात साठवलेल्या लाटेवर अर्धा तास निभतं. वाचलंय मी."

"बापरे, पोट्टी इंजिनिअरच झाली!"

उन्नतीने लॅपटॉप बंद केला, स्क्रू काढले, तळ उचलला. पंख्यावर धुळीची चक्क गोधडी! पाती फिरू नयेत म्हणून टूथपिक अडकवून तिने रंगाच्या ब्रशने धूळ काढली. पात्यांच्या मुळाशी झेंडूची वाळकी पाकळी निघाली. तिच्यामागून तांदळाचा एक दाणा. हळदीचा पिवळा रंग अजून तसाच.

दसऱ्याच्या अक्षता. ताईने बाबांच्या ड्रिल मशीनची, स्कूटीची आणि लॅपटॉपची पूजा केली होती, आणि मूठभर अक्षता सरळ कीबोर्डवर ओतल्या होत्या. उन्नती ओरडली तेव्हा ताई म्हणाली होती, "खाऊ दे नं त्याला, माझे सगळे प्रोजेक्ट तोच तर करतो!"

उन्नती तो दाणा तळहातावर घेऊन बघत राहिली. काहीच वाटलं नाही. बसचं जुनं तिकीट सापडावं, तसं.

तिने लॅपटॉप जोडून चालू केला. पंखा फिरला, आणि आधीपेक्षाही जोरात किंचाळायला लागला! काकूंनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

पंखा स्वच्छ. वाट मोकळी. मग? कोणतं काम किती ताकद खातंय ते दाखवणारं पान तिने उघडलं. दोन पट्ट्या, दोन रेघा. बाबांची वर असणार, तिला वाटलं.

बाबांची रेघ शून्यावर होती. शेजारी लिहिलं होतं, 'फेब्रुवारीपासून बंद.' दुसरी रेघ वरच्या टोकाला टेकली होती.

"बाबा, तुमची पट्टी बंद आहे."

सुरी थांबली. "हाव."

"मग कानामागे लावून कशाला फिरता?"

"एकटीलाच लावायला सांगितली असती तर तू लावली असतीस का? दोघांचं या यंत्राला झेपत नव्हतं. तुझी दहावी होती."

"आणि तुम्ही?"

"मी रडतो की. नळ सोडून." बाबांनी बाहीने नाक पुसलं.

उन्नती पंख्याकडे बघत राहिली. शाळेत सगळ्या बाई म्हणायच्या, पोरगी किती खंबीर! तिलाही तसंच वाटायला लागलं होतं.

"हे एवढं सगळं माझं आहे?"

"तुझंच."

पडद्यावर लाल अक्षरं आली: तापमान उतरलं नाही तर यंत्र आपोआप बंद होईल.

बाबांनी घाईघाईने हात धुतले. "गाडी काढतो. नवा आणू, याच्यापेक्षा मोठा. दोन-तीन वर्षं बघायला नको."

"थांबा. दुखतं का खूप?"

"दुखतं." बाबा दारातच थांबले. "पण तिचा आवाज आठवतो. पट्टी होती तोवर आठवत नव्हता."

उन्नतीने आठवून पाहिलं. ताईचे शब्द होते, सगळेच्या सगळे. पण कुठल्यातरी पुस्तकात वाचल्यासारखे. त्यांना आवाजच नव्हता.

तिने पट्टीची मात्रा उघडली आणि एक पायरी खाली ओढली. पंख्याचा सूर किंचित उतरला. लाल अक्षरं गेली. बाबा येऊन शेजारी बसले, तसा तिने त्यांचा ओला हात घट्ट धरला.

"बाबा," तिने विचारलं, "आधी काय येतं, दुखणं की तिचा आवाज?"