नोंदीतली बाई

झोम्बाच्या डोंगरावरून चिपेरोनी वाऱ्याचं गार धुकं उतरलं की गावातले आवाज आधी ओले होतात आणि मग विझून जातात. अशाच एका दुपारी समुपदेशन केंद्रातल्या खोलीत एलुबी काचिंग्वे आपल्या नोंदींचे कागद घेऊन अमाई जेरेंसमोर बसली होती. एलुबीला या कामात वर्षही झालं नव्हतं. माणसं यायची, मनातलं बोलायची, आणि ती गेली की एलुबी सगळं कागदावर उतरवायची. अमाई जेरे तिथल्या सर्वांत जुन्या; अमाई म्हणजे बाई, तिथे कुठल्याही बाईला मानानं तसंच म्हणतात. नोंदी तपासण्याचं काम त्यांचं.

"आधी तुझ्या नोंदी म्हणजे नुसती खिचडी असायची," चहात तळलेली मंडासी बुडवत अमाई म्हणाल्या. "आता कसं? त्याचं बोलणं वेगळं, तू डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, तुझं मत सगळ्यात शेवटी. उद्या तू तापानं झोपलीस, तर तुझ्या जागी बसणारीला कुणाचं तोंड बघावं लागणार नाही."

एलुबी मनातून सुखावली. तेवढ्यात अमाईंचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हा लायफोर्ड, मिनिबसवाला. दर खेपेला लिहिलंयस, 'बायको शेजारी बसली होती. बोलली नाही.' अगं, तिला तोंड नाही, की तुला विचारायचं सुचत नाही?"

"तोच सारखा बोलत असतो, अमाई. ती खाली मान घालून बसते."

"मग आज विचार. घरात एकाची झोप उडाली की दुसऱ्याचीही उडतेच."

थोड्या वेळानं लायफोर्ड आला. तिशीतला, चांगला उंचापुरा गडी, पण खांदे पार पडलेले. मागे एकदा धुक्यात, घाटातल्या वळणावर त्याची मिनिबस कलंडली होती. प्रवासी खरचटण्यावर निभावले. पण तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला की त्याला कापरं भरायचं. रात्री डोळा लागायचा नाही. त्याच्या मागोमाग ती बाई आत आली आणि नेहमीसारखी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर टेकली. तिच्याबरोबर ओल्या मातीचा, पाइनच्या सुयांचा वास आत आला. बाहेर धुकंच इतकं होतं, की एलुबीला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

लायफोर्ड नेहमीचंच सांगू लागला. एलुबीनं त्याला हळूच थांबवलं आणि खुर्चीकडे वळून म्हणाली, "अमाई, आज तुम्ही बोला. घरी काय हाल होतात ते तुम्हालाच ठाऊक."

बाईनं मान वर केली नाही.

"कुणाशी बोलताय तुम्ही?" लायफोर्डनं विचारलं.

"तुमच्या बायकोशी."

तो कसनुसा हसला. "चेष्टा करता होय? माझं कुठं लग्न झालंय!"

एलुबीला वाटलं, हा लपवतोय. तिनं समोरच्या कागदावरून वाचायला सुरुवात केली, आपल्या स्वच्छ, नीट अक्षरातलं, स्वतः पाहिलेलं. "छातीवर गाठ मारून गुंडाळलेला निळा चितेंजे, कापडावर पिवळे मासे. डोक्याला पांढरा रुमाल. एका पायात रबरी चप्पल, दुसरा पाय अनवाणी..."

वाचता वाचता तिनं वर पाहिलं. लायफोर्डचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"चप्पल... मी लांब फेकली होती. टायरपाशी पडली होती ती. कुणी पाहिलं नव्हतं... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय झालं होतं, लायफोर्ड?"

"मला वाटलं, बकरी असेल." तो दोन्ही हातांत तोंड लपवून हुंदके देऊ लागला. "धुक्यात निळं काहीतरी आडवं आलं... आणि धक्का. मग गाडी कलंडली. सगळे ओरडत होते. मी कडेला जाऊन खाली पाहिलं. कण्हणं ऐकू येत होतं, अमाई. मी ऐकलं... आणि परत फिरलो."

एलुबीनं मान वळवली. शेजारच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. दार तर लागलेलंच होतं.

त्याच संध्याकाळी ती लायफोर्डला घेऊन पोलिसांकडे गेली. घळीत, पाइनच्या झाडांखाली, बाई सापडली. निळा चितेंजे, पिवळे मासे. एनिफा तिचं नाव. ती ब्लांटायरला नवऱ्याकडे पोचली, असं आईला वाटत होतं. ती अजून आईकडेच आहे, असं नवऱ्याला वाटत होतं. कोठडीत लायफोर्ड एलुबीला म्हणाला, "काल झोप लागली."

पण एनिफाची म्हातारी आई पोलिसांना एकच विचारत राहिली, "आणि बाळ?"

पाठीवर बाळ बांधून निघाली होती पोर. चितेंजेची छातीवरची गाठ तशीच घट्ट होती, मागची झोळी मात्र रिकामी. गावकऱ्यांनी घळ पालथी घातली, ओढा धुंडाळला. काही मिळालं नाही.

पुढच्या आठवड्यात एलुबीकडे नवी म्हातारी आली. नवरा गेल्यापासून घास उतरत नव्हता तिला. या आगोगोला, आजीला, झालेलं काहीच ठाऊक नव्हतं. ती दूर सरोवराकाठच्या गावाहून आली होती. धुकं हटलं होतं, खिडकीतून कोवळं ऊन आत येत होतं. एलुबीनं कोरा कागद पुढे ओढला, वर तारीख घातली. म्हातारी बोलू लागली, पण इतकं हळू, की ओठच हलताना दिसत होते.

"आगोगो, जरा मोठ्यानं बोला ना. मला लिहायचंय."

"नको गं बाई," म्हातारी कुजबुजली. "उठेल ना ते."

"कोण... कोण उठेल?"

म्हातारी जागेवरून उठली. वाकली. एलुबीच्या खांद्यावरून पाठीकडे हात नेऊन तिनं काहीतरी अलगद सारखं केलं, जिथे काहीच नव्हतं तिथे. मग चुकचुकत म्हणाली,

"कामाच्या नादात लक्ष नाही पोरी तुझं. पाय उघडे पडलेत त्याचे... किती गार लागताहेत!"