हातांनी भांडताना

"अहो, जरा सरकता का? ...ऐकू येत नाही का तुम्हाला?"

छापखान्याच्या जिन्यात कागदांचा गठ्ठा घेऊन उभा असलेला माणूस तिने खांद्याला हात लावल्यावर वळला. कानाकडे बोट दाखवून त्याने मान हलवली आणि हसून बाजूला झाला. बांधणी विभागातला हा नवा कारागीर. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं. मागून ओरडणारी ती, तिथलीच मुद्रितं तपासणारी, ओशाळली.

माफी मागायची तर त्याच्याच भाषेत, असं तिने ठरवलं. मोबाइलवर खुणांच्या भाषेचे धडे सुरू केले. सफरचंद, खुर्ची, सोमवार... चौथ्या दिवशी जांभया आल्या. शेजारी बसून पाहणाऱ्या वहिनीने तोड काढली.

"त्यापेक्षा आपण भांडू या. एरवीही भांडतोच की!"

मग रोज संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात हातांनी भांडू लागल्या. ओला टॉवेल कोणी टाकला, दूध कोणी उतू जाऊ दिलं... हरायचं नसल्याने खुणा शोधाव्या लागत, आणि शोधलेल्या लक्षात राहत. दादा म्हणे, "घरात एवढी शांतता? भीती वाटते मला."

दोन महिन्यांत माफी मागून झाली होती, आणि ती रोज त्याच्या टेबलापाशी डबा खात होती.

"तू सारखी भांडतेस का?" त्याने एकदा हातांनी विचारलं.

"तेवढंच येतं."

"शिकवलं कुणी?"

"वहिनीने."

"त्यांना माझा नमस्कार सांग. लांबूनच."

एका शुक्रवारी त्याने खिशातून पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. दुसऱ्या शहरातलं ग्रंथालय, जुन्या पुस्तकांच्या डागडुजीचं काम, सोमवारपासून हजर व्हायचं.

"जाऊ?" त्याने विचारलं.

तिचे हात मांडीवरून उचललेच जाईनात. राहा... आठवण येईल... यातली एकही खूण वहिनीशी भांडताना लागली नव्हती. शेवटी जे येत होतं तेच हातांतून निघालं.

"जा की! कोण अडवतंय?"

वहिनीला यातला टोमणा कळला असता. त्याला मात्र तो खरा प्रश्नच वाटला. हातातली सुई खाली ठेवली, आजूबाजूच्या रिकाम्या टेबलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा गंभीर होता.

"कोण?" त्याने सावकाश विचारलं.

तिने बोट उचललं. क्षणभर ते हवेतच थांबलं...

मग तिने ते स्वतःच्या छातीवर टेकवलं.