गाठीतले सैनिक

ताईच्या त्या पत्राला त्याने उत्तर दिलेच नव्हते... तिचे एक मूत्रपिंड काढले होते, त्यातली कर्करोगाची गाठ तपासून झाली होती, आणि अहवाल सांगत होता की गाठीत रोगप्रतिकारक पेशींची, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच सैनिकांची, दाटी झाली आहे. ‘पुस्तक्या, तू एवढं वाचतोस, तूच सांग, हे चांगलं की वाईट?’ एवढेच तिने विचारले होते.

एवढेच! सारा जन्म ग्रंथालयात काढलेल्या त्या भिडस्त म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. आई गेली तेव्हा त्याच्याहून हुशार असलेल्या ताईने दप्तर कायमचे खुंटीला टांगले होते आणि म्हटले होते, ‘चूल माझी, पुस्तकं तुझी.’ त्या त्यागाच्या बदल्यात तिने आजवर काही मागितले नव्हते. आता मागितले, ते हे!

पहिल्या पुस्तकात त्याला सापडले की गाठीत सैनिक जास्त, तर रोगी जगण्याची आशा जास्त. आनंदाने त्याने ‘ताई, चांगलं आहे’ असे लिहिलेसुद्धा. पण दुसऱ्या पुस्तकाने सांगितले की पुष्कळ कर्करोगांत हे खरे असले, तरी मूत्रपिंडाचे गणित बऱ्याचदा उलटे; तिथे दाटी हे वाईट लक्षण ठरू शकते. कागद फाटला. तिसरे म्हणत होते, सैनिक लढणारे आहेत की लढून थकलेले, ते पाहावे लागेल... आणि अहवालात तर ते नव्हतेच! दारावर शिपाई फार दिसले, तर घर सुरक्षित समजावे की चोर मोठा समजावा? बिचाऱ्याचे डोके भणभणून गेले. अजून एक पुस्तक वाचू, मग लिहू, असे म्हणता म्हणता महिने उलटले.

एका दुपारी ताईची मुलगी दारात उभी राहिली. टेबलावरचा पुस्तकांचा ढीग तिने जरा बाजूला सारला.

“मामा, आईला वाटतं तू रागावलायस. लहानपणी मी त्याला फार टाकून बोलले असेन, म्हणते.”

“रागावलो? अगं, मी उत्तर शोधतोय... सापडत नाही.”

“ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. तसं त्यांनी आईला स्पष्ट सांगितलंय.”

“मग मला कशाला विचारलं तिने?”

भाची त्याच्याजवळ बसली. “ती भांडी घासायची तेव्हा तू तिला धडा वाचून दाखवायचास ना? अडलं की दोघं मिळून डोकं खाजवायचात. तिला तेवढंच हवंय रे.”

त्याने चष्मा काढला, अश्रू आवरेनात. मग एकही पुस्तक न उघडता त्याने लिहिले: ‘ताई, मलाही कळत नाही. पुस्तकं घेऊन येतोय. तू पडून राहा, मी वाचतो. अडलं की दोघं मिळून गोंधळू.’

पत्र आपण हातीच नेऊ, असे भाची म्हणाली. त्याने ऐकले नाही. ताईने टपालाने विचारले, तर उत्तरही टपालानेच जायला हवे.

“अरे, पण तू आत्ता माझ्याबरोबर निघालायस. पत्र तुझ्या मागून पोचेल!”

“पोचू दे. तेही वाचून दाखवीन.”

कोपऱ्यावरच्या पेटीत त्याने पत्र टाकले, पुस्तकांची पिशवी भाचीच्या हाती दिली, आणि पत्र खरेच आत पडले ना, हे पेटीच्या तोंडात बोटे घालून दोनदा चाचपून पाहिले.