पहिल्या हाकेला ओ

उन्हाळ्याची सुट्टी, त्यात नातीचा हट्ट, म्हणून आजी मुलीबरोबर शेतावरच्या एका दिवसाच्या शिबिराला गेल्या. नाहीतर घरी एकटं बसून भिंतींशी काय बोलणार? आजोबा जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हापासून 'अहो' हा शब्दच त्यांच्या तोंडी उरला नव्हता. हाक मारायला समोर माणूस तर हवं! तसे आजोबा पहिल्या हाकेला ओ देणाऱ्यांतले नव्हतेच म्हणा. तिसऱ्या हाकेला पेपरामागून नुसतं "हं" यायचं, तेही उपकार केल्यासारखं.

शिबिराच्या फाटकाशीच राखणदाराने बजावलं, "इथं हाक मारायची ती नाव घेऊन. शेळी असो की माणूस. नुसतं 'ए', 'अहो' नाही करायचं."

"का बरं?" मुलीने हसत विचारलं.

"भलतंच कुणीतरी ओ देतं," तो म्हणाला, आणि पाल्याची टोपली त्याने नातीच्या हातात दिली.

संध्याकाळ मजेत गेली. नातीने शेळ्यांना पाला भरवला, कोंबड्यांना पळवून पळवून दमवलं, गाढवाच्या कानाला हात लावून स्वतःच किंचाळली. उन्हं उतरली, सगळे गाडीकडे निघाले, तेव्हा कळलं की पोरीची टोपी शेळ्यांच्या गोठ्यातच राहिली.

"तुम्ही बसा गं, मी आणते," आजी म्हणाल्या. तेवढंच कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचं समाधान.

गोठ्यात अंधारून आलं होतं. गवताचा, लेंड्यांचा उबट वास कोंडला होता. टोपी काही दिसेना. मागच्या बाजूला कुणीतरी खराट्याने झाडत होतं... खर्र, खर्र. राखणदारच असणार. आणि मेली जन्माची सवय, तोंडातून निघूनच गेलं.

"अहो... जरा दिवा लावता का?"

झाडणं थांबलं.

"आलो गं."

आवाज आजोबांचा होता. तसाच घोगरा, तसाच कंटाळलेला. शेळ्यांचं रवंथ थांबलं. एकेक करून त्या बाजूला सरकू लागल्या, कुणालातरी वाट करून देत... वाट आजींपाशी येऊन थांबली. तिथे कुणी नव्हतं. त्यांच्या पायाशी टोपी पडली होती.

फाटकाकडून राखणदार धावत येत ओरडला, "आजी! शेळ्या गप्प का झाल्या? कुणाला हाक मारलीत? त्याचं नाव घ्या, आत्ताच्या आत्ता! दुसरं कुणी असेल तर निघून जाईल!"

नाव ओठांवर आलं. उभ्या संसारात त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं. आजींना पक्कं ठाऊक होतं, हे काही आमचे 'हे' नव्हेत. पहिल्या हाकेला ओ देतील तर ते 'हे' कसले! पण नाव घेतलं की संपलंच... मग पुन्हा तेच घर, तेच कुलूप, आणि आपला आपणच लावायचा दिवा.

"छे हो, कुणाला नाही," त्या म्हणाल्या.

गाडीत त्या दाराला चिकटून बसल्या, शेजारी जागा सोडून. "आजी, नीट बस ना," नात म्हणाली. त्या नुसत्या हसल्या.

मुलीने घराशी सोडलं. "थांबू का गं आई थोडा वेळ?"

"नको, जा तू. पोर पेंगलीय."

कुलूप काढून त्या आत गेल्या. दिव्याच्या बटणाकडे नेलेला हात त्यांनी मागे घेतला. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण एकटेपणा त्याहून मोठा होता.

आतल्या खोलीत कुणीतरी झाडत होतं.

"अहो..."

हाक पुरी व्हायच्या आतच ओ आली, आणि आतला दिवा लागला.