माघारी न वळणारी मैना

कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मला आधीच ठाऊक आहे. मुलुंडच्या मागच्या डोंगरात, जंगलखात्याच्या पटांगणावर, एका पांढऱ्या घोडीने एका मुलीकडून ओवाळून घेतल्याशिवाय आत पाऊल टाकलं नव्हतं. आणि त्या वेळी झाडावरची माकडं वऱ्हाडासारखी दोन रांगांत बसली होती. हसा खुशाल. त्या शिबिराचा चहा आणि जेवण माझ्या हातचं होतं. हा राजाराम आचारी मिठाबद्दल खोटं बोलेल एक वेळ, घोडीबद्दल नाही.

साल सत्त्याऐंशी. दिवाळी नुकतीच झालेली. मुलुंडच्या एका गिरिभ्रमण मंडळाने चार दिवसांचं शिबिर काढलं होतं. तंबूत राहायचं, सकाळी घोड्यावर बसून डोंगराची वाट चढायची, संध्याकाळी चुलीभोवती गाणी. आता मुंबईत घोडे कुठून आणायचे? तर घाटकोपरचा अंबादास. त्याचे वडील सीताराम पूर्वी टांगा हाकायचे. रिक्षा आल्या तसा टांगा गेला आणि घोडे वरातीला लागले. चातुर्मासात लग्नं नसतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत वरातीच्या घोड्यांना काम नाही. म्हणून अंबादास चार घोडे घेऊन डोंगरात आला. त्यातली मैना म्हणजे नुसता नखरा. रोज निळीच्या पाण्याने आंघोळ, कपाळावर गोंडा, आणि चालता चालता दर चाळीस पावलांवर नाच, कारण बँड तिथे थांबतो अशी तिची समजूत.

मंडळाने एक चूक केली. पाहुण्यांच्या स्वागताला म्हणून पटांगणाच्या तोंडाशी दोन बांबू रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मैनाने ते पाहिलं आणि थांबली. मांडव आला, आता कोणीतरी ओवाळणार, गूळ-हरभरे भरवणार, मगच आत जायचं. अंबादासने चुचकारलं, ढकललं, हात जोडले. घोडी ढिम्म.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाजूला घे ना रे तुझा घोडा."

पाठीवर पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, वेणी अर्धी सुटलेली. औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती वनमाला. सकाळची पाळी संपवून शिबिरासाठी एकटीच डोंगर चढून आलेली, त्यामुळे कपाळावर घाम आणि आवाजात कारखान्याची शिट्टी.

"घोडी आहे," अंबादास म्हणाला. "आणि ती बाजूला होत नाही. तिला ओवाळावं लागेल."

"मी?"

"मी ओवाळून पाहिलं. पुरुषांचं तिला चालत नाही."

वनमालाने त्याच्याकडे पाहिलं... थट्टा करतोय का, ते बघायला. तो बिचारा खरंच रडकुंडीला आला होता. मग तिने पिशवीतला डबा काढला, डब्याचं झाकण मैनाच्या तोंडासमोर तीन वेळा फिरवलं आणि दिवाळीतला बेसनाचा लाडू तिच्या ओठांशी धरला. मैनाने लाडू खाल्ला, मान हलवली आणि ऐटीत आत गेली.

"झालं?" वनमालाने विचारलं.

"झालं," अंबादास म्हणाला. पण त्याचं काय झालं होतं, ते त्याचं त्यालाच कळायला अजून दोन दिवस होते.

त्या दिवसापासून मैना दुसऱ्या कोणाला पाठीवर घेईना. म्हणजे घ्यायची, पण अशी नाचायची की माणूस आपणहून उतरायचा. एक वनमाला तेवढी चालायची. आणि इथेच खरी गंमत होती. वरातीच्या घोडीला एक शिकवण असते. पाठीवर माणूस बसला की ती माघारी वळत नाही. नवरदेव घेऊन निघालेली घोडी वळवणं म्हणजे अपशकुन. पहिल्या दिवसापासून तिला तेच शिकवतात. डोंगराच्या धारेवर, जिथून खाली दोन तलाव आरशाचे तुकडे टाकल्यासारखे दिसतात, तिथपर्यंत सगळे जायचे. बाकीचे तीन घोडे स्वारासकट वळून परत निघायचे. मैनावरून मात्र आधी उतरायचं, मग अंबादासने तिला रिकामी वळवायची, मग पुन्हा चढायचं. त्यामुळे रोज सगळे पुढे जायचे आणि धारेवर उरायची ती दोघं.

"उतर," तो म्हणायचा आणि हात पुढे करायचा. पहिल्या खेपेला तिने त्याचा हात धरला नाही. दुसऱ्या खेपेला धरला, आणि खाली आल्यावरही सोडायला जरा उशीर केला... किती उशीर, ते विचारू नका, मी खाली पोहे करत होतो. पण मैनाने तेवढ्या वेळात दोन नाच केले म्हणतात.

"वळवलीच तर काय होतं?" तिने विचारलं. "मी बसलेली असताना."

"आमचे आप्पा म्हणतात, ते लग्न होत नाही."

"कुणाचं?"

"जो बसलेला असेल त्याचं."

वनमाला तलावाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझं ठरतंय."

अंबादासने मैनाचा कान खाजवला. तसा तो खाजत नव्हता.

"पार्ल्याचा आहे. श्यामकांत. बँकेत आहे. चांगला आहे... म्हणजे वाईट काही नाही. बाबांची गिरणी संपात गेली, ती गेलीच. आई म्हणते, एक मार्गी लागली की दुसरीचं बघता येईल. पाठीवर माझ्या अजून एक आहे ना. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा."

"झकास," अंबादास म्हणाला. आवाज मात्र असा, की माझ्या चुलीवर पाणी पडावं. "मग वरातीला मैनाच घ्या. सजवीन मी."

"सजवशील?"

"सजवीन ना. नवी झूल घालीन, घुंगरू बांधीन." त्याने मैनाचा गोंडा नीट केला. "लगाम मात्र दुसऱ्या कुणाच्या हातात देईन."

वनमाला रिकिबीत पाय घालून चढली. सगळ्या वाटेने तिच्या पुढे त्याची पाठ चालत होती, आणि ती त्या पाठीकडे अशी बघत होती, जणू तिच्यावर काही लिहिलंय आणि वाचता येत नाहीये.

तिसऱ्या दिवशी परतीचा पाऊस आला. धो धो नाही, बारीक, चाळणीतून गाळल्यासारखा. सगळे तंबूत पळाले. अंबादास ताडपत्री घेऊन मैनाकडे धावला; दुसरं टोक धरायला वनमाला. दोघं ताडपत्रीखाली, मध्ये घोडी. पावसाचा वास, ओल्या केसांचा वास, तोबऱ्यातल्या हरभऱ्यांचा वास. मैनाच्या अंगावरची नीळ पाण्याबरोबर वाहायला लागली आणि दोघांच्या हातांवर उतरली.

"वाट लागली," अंबादास म्हणाला. "आता ती दोन दिवस राखाडी दिसणार."

"दिसू दे की. रोज नटायचा तिलाही कंटाळा येत असेल."

"तुला येतो?"

"मला कोण नटवतंय." मग तिने मैनाच्या मानेवरून त्याच्याकडे पाहिलं. "अंबादास, तू कधी काही मागत का नाहीस रे?"

त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. मी भजी तळत होतो, मला स्पष्ट दिसलं. पण तो म्हणाला, "ताडपत्री जरा वर धर... तिच्या डोळ्यांत पाणी जातंय."

असा हा शहाणा. त्या संध्याकाळी सगळ्यांनी हात धुऊन माझी भजी खाल्ली. वनमालाने उजव्या हाताने खाल्ली. डावा हात तिने धुतलाच नाही. निळा तळवा ओढणीत लपवून बसली होती.

चौथा दिवस. तंबू उतरले, बांबू उपटले, तोरण मैनाने खाल्लं. खाली रस्त्यावर वनमालाचा भाऊ बाळा तिला न्यायला उभा होता. संध्याकाळी पार्ल्याची माणसं तारीख काढायला यायची होती. चार दिवसांत तिचा पाय मुरगळला नव्हता, पण त्या दिवशी मुरगळला. कोणता, ते ती दर वेळी वेगळं सांगत होती. तेव्हा ठरलं, मैनावरून खाली जायचं, आणि तिथे आधीच गेलेल्या चंद्रप्रकाशच्या, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरीच्या, हाती घोडी द्यायची.

अंबादासने तिला चढवलं. रोज लगाम तो धरायचा. आज त्याने तो तिच्या हातात दिला.

"तू नाही येत?"

"नको. आज तूच धर. मला जमणार नाही."

"सरळ जाईल ना?"

"सरळच जाते ती. तेवढंच येतं तिला."

वनमालाने ओठ दाबले, टाच लावली आणि गेली. अंबादास दुसऱ्या घोड्याला खरारा करायला लागला. एकाच जागी इतका, की त्या घोड्याने वळून बघितलं. मी त्याला चहा दिला. त्याने तो घोड्यापुढे धरला. टापांचा आवाज लांब गेला, मग पानांत मिसळला, मग नाहीसा झाला. तो तरीही कान देऊन उभा. मला वाटलं, हा आता असाच उभा राहणार, वर्षानुवर्षं, बोरीबाभळी उगवतील त्याच्यावर.

आणि मग टापा पुन्हा आल्या. जवळ, आणखी जवळ.

वळणावरून मैना आली. पाठीवर वनमाला. वेणी पूर्ण सुटलेली.

अंबादासच्या हातून खरारा गळला. "काय झालं?"

"मला काय विचारतोस? तिला विचार. वळली."

"तू बसलेली असताना?"

"मग काय मी झाडावर होते? वळली म्हणजे वळली. आता ते लग्न होत नाही, असं तुझे आप्पा म्हणतात ना?"

"म्हणतात."

"मग मी आता काय करू?"

अंबादासने खाली पडलेला खरारा उचलला. शेवटी म्हणाला, "माझ्याकडे फक्त चार घोडे आहेत."

"मोजलेत मी. चौथा जरा लंगडतो."

"तरी... येशील?"

"आले ना," वनमाला म्हणाली, आणि हात पुढे केला, उतरवून घ्यायला. निळा हात.

पुढे दोन्ही घरांत हेच सांगितलं गेलं. घोडी वळली. वनमालाच्या आईने देवापुढे दिवा लावला आणि पार्ल्याला निरोप पाठवला. श्यामकांतच्या आईनेही कानावर हात ठेवले. असल्या शकुनावर मुलगा कोण उभा करणार.

आता ती वळली कशी, ते ऐका. खाली ओढ्यावरच्या मोरीपाशी, भर वाटेत, एक बिबळ्या बसला होता. मैना थांबली. बिबळ्याने तिच्याकडे पाहिलं, मग वनमालाकडे पाहिलं, मग पुढचा पंजा उचलून असा, वरच्या दिशेला दाखवला. जा, म्हणाला, ज्याचं आहे त्याच्याकडे परत जा. तेव्हा मैनाने तीन वेळा मान हलवली आणि जन्मात पहिल्यांदा, आपणहून, गर्रकन—

"खोटं," वनमाला म्हणाली.

ती समोरच बसली होती, पाटावर, पानं पुसत. केस पांढरे झालेत आता, मैनासारखेच. शेजारी अंबादास सुपारी कातरत होता.

"बरं," मी म्हटलं, "बिबळ्या नव्हता. तरस होतं."

"बिबळ्या असू दे रे तुझा. घोडी वळली, हे खोटं. लगाम मी ओढला होता."

अडकित्ता थांबला. अंबादास तिच्याकडे बघत राहिला, तीस-पस्तीस वर्षं मागे जाऊन. "मग मला कधी बोलली नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू तर घोडीलाच गूळ भरवत बसलास." वनमालाने पान उलटं केलं, पुसलं. "दोनदा ओढावा लागला. पहिल्यांदा ऐकेचना ती."