चौथं कोलाफळ

बाजारातून परतलेल्या न्वाकेगोबाईंना नवरा ओसरीवर पालथा सापडला. डोक्यात दोन गोळ्या. तीस वर्षं गुप्तवार्ता खात्याचा खबऱ्या असलेला हा म्हातारा उद्या चौकशी आयोगापुढे बोलणार होता. बेपत्ता माणसं खात्याने कुठे पुरली, ते.

इन्स्पेक्टर उगोची पोचली तेव्हा खात्याची जीप आधीच अंगणात उभी होती. म्हाताऱ्याचा जावई ओबिडिके झाडाला बांधलेला. ओन्येमा नावाचा शिपाई बंदुकीच्या दस्त्याने त्याच्या बरगड्या मोडत होता.

"कबूल कर!"

"शेतात कंद खणत होतो," ओबिडिके रक्त थुंकला.

खात्याचे संचालक अन्याएग्बू सावलीत उभे होते. "बाई, घरातलंच भांडण हे. दहा मिनिटांत याला नेतो."

"परत कधी आणाल?"

"आमच्याकडून कोणी परत आलंय?"

"तुम्ही ओसरीवर चढला होतात?"

"छे! अकराला वायरलेस आला, तेव्हा एनुगूहून निघालो. रक्तात कशाला पाय घालू? बूट नवे आहेत माझे."

उगोची ओसरीवर चढली. प्रेताच्या डोक्याशी लाकडी तबक होतं. त्यात पाहुण्यापुढे ठेवतात ती कडवट कोलाफळं: एक फोडलेलं, दोन अख्खी. सगळ्यांवर रक्ताचे शिंतोडे. तबकात मात्र एक जागा कोरी, कोलाफळाएवढी.

"आई, किती ठेवली होतीत?"

"चार," न्वाकेगोबाई म्हणाल्या. "पाहुणा येणार म्हणाले. कोण ते सांगितलं नाही. पितरांचं नाव घेऊन एक फोडायचं; दोघांनी खाल्लं की एकमेकांचा घात करायचा नसतो."

"जावयाला एक देतात का, घरी न्यायला?"

"त्याला कशाला? तो याच अंगणात राहतो. परगावच्याला देतात. आपण कुठे जाऊन आलो, हे त्याने घरी दाखवायचं असतं."

उगोची खाली उतरली. जीपचं इंजिन सुरू झालं होतं.

"साहेब, खिसे दाखवा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"गोळ्या सुटल्या तेव्हा चौथं फळ तबकातच होतं, म्हणून त्याखाली रक्त नाही. नंतर कुणीतरी ते उचललं. चोराने घड्याळ नेलं असतं. हे नेलं परगावच्या पाहुण्याने. आणि उद्याच्या आत त्याचं तोंड बंद करायची गरज तुम्हालाच होती. पितरांचं नाव घेऊन दिलेलं फळ तुम्हाला टाकून जाववेना, फेकवेना. तुम्ही हात धुतलेत साहेब. फळ धुतलं नाहीत."

अन्याएग्बूंचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि थबकला. उगोचीने तो मनगटाशी पिरगळून खिसा उलटा केला. फळ धुळीत पडलं. वरची बाजू लालकाळी.

"ओन्येमा! घाल गोळी हिला!"

ओन्येमा फळाकडे बघत राहिला. "सकाळी तुम्ही एकटेच गाडी घेऊन गेला होतात," तो सावकाश म्हणाला.

"हुकूम आहे माझा!"

"साहेब, माणसं मारणं ही आपली नोकरी. नऊ मी स्वतः पुरलीत." त्याने संचालकांच्या कमरेचं पिस्तूल काढून घेतलं. "पण त्याच्या घरचं कोलाफळ खाऊन?"

त्याने सुरी काढून ओबिडिकेचे दोर कापले. मग दोन्ही हात पुढे करून तो उगोचीसमोर उभा राहिला.

"आयोगापुढे मी चालेन का, बाई? जागा मलाही ठाऊक आहेत."