आपला ग्रुप

कॉलेजच्या जिन्यात संपदाच्या हातातून लेझीम निसटली आणि खणखणत खाली गेली. वर येणाऱ्या मुलाने ती पायाने अडवली; मग चपापून उचलली आणि कपाळाला लावली.

"सॉरी... पाय लागला."

"तुमच्यात पण असं करतात?" त्याच्या गळ्यातला क्रॉस पाहून संपदा बोलून गेली.

"आमच्यात?" तो हसला. "इथल्याच वटार गावात राहतो मी, मंगळावर नाही. एरॉल."

त्या कॉलेजात ग्रुप निवडायला आडनाव पुरायचं. कोकणातून, घाटावरून आलेल्यांची मुलं लेझीम पथकात. वटारसारख्या गावांच्या वाड्यांमधली ख्रिस्ती मुलं गाण्याच्या ग्रुपमध्ये. गुजराती मुलं गरब्यात. सक्ती कोणाचीच नव्हती. तुळिंजला राहणारी संपदा पथकात गेली, कारण तिचा मावसभाऊ विघ्नेश पथकाचा प्रमुख होता. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

एरॉल मग कॅन्टीनमध्ये भेटू लागला. घरच्या बोलीतली लग्नाची गाणी टेबलावर ताल धरत म्हणून दाखवायचा. अर्थ विचारला की म्हणायचा, "ग्रुपमध्ये ये, मग सांगतो." आणि नजर चुकवून चहा ढवळत बसायचा... साखर कधीच विरघळलेली असायची.

एका शनिवारी संपदाने विघ्नेशला सांगितलं, "दादा, मी गाण्याच्या ग्रुपमध्ये जातेय."

"तिथे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

तिने लेझीम त्याच्या हातात दिली. विघ्नेश आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. त्याचं तिला खरंच वाईट वाटलं.

वरच्या मजल्यावर गाण्याच्या ग्रुपची प्रमुख रेजिना हिने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आमची बोली येते का तुला?"

"शिकवलीस तर येईल."

"बस मग. एरॉलची जागा रिकामीच आहे. त्याने ग्रुप सोडला."

"सोडला? आणि गेला कुठे?"

"लेझीम शिकायला," रेजिना वैतागून म्हणाली.

खालच्या मैदानात सगळ्या लेझमी एकदम वाजल्या आणि मागाहून एक एकटीच वाजली. संपदाने ओठ दाबून हसू आवरलं.

संध्याकाळी तो गेटपाशी उभा होता, अंगठ्याला पट्टी बांधून.

"दादाने घेतलं तुला?"

"आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, एक जागा नुकतीच रिकामी झालीय."

दोघंही खूप वेळ हसले.

"आता काय? पथकात परत येतेस?" त्याने विचारलं.

"तू येणार गाण्याच्या ग्रुपमध्ये?"

"नाही. सकाळी तुझा भाऊ मला 'ए वाडीवाल्या' म्हणत होता. शेवटी शेवटी 'एरॉल, पाय चुकला' म्हणून ओरडला. आता सोडवत नाही."

"मलाही राहायचंय," ती म्हणाली. "रेजिना शिव्या घालते, पण शिकवते."

स्टेशनच्या रस्त्याला लागल्यावर तो एकाएकी म्हणाला, "मी लेझीमसाठी गेलो नव्हतो, संपदा."

"माहितीये."

"आणि तू?"

"मला काय गाण्याचं वेड होतं?"

तो तिच्याकडे वळला. मग घरच्या बोलीत हळूच काहीतरी बोलला. तिला त्यातलं फक्त स्वतःचं नाव कळलं. अर्थ तिने विचारला नाही.

"परत म्हण," ती म्हणाली. "सावकाश... मलाही म्हणायचंय."